पुन्हा जुळवलेली पाने

मालेगावात, मोसम नदीपासून थोड्याच अंतरावर, आमचे एक लहानसे प्रकाशन आहे. पुढे पुस्तकांचे दुकान आणि मागे एक अंधारी खोली. खोलीत दोन टेबले, एक कपाट आणि भिंतीला लागून पुस्तकांचे गठ्ठे. एवढाच आमचा पसारा. आम्ही उर्दू पुस्तके काढतो, थोडी मराठीही काढतो. शाळेच्या मार्गदर्शिका, मुलांसाठी गोष्टी, एखादा कवितासंग्रह, रमजानमध्ये सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक, असे आमचे काम चालते.

माझे वडील कातिब होते. पुस्तकाचे प्रत्येक पान सुंदर अक्षरांत हाताने लिहिणारा कारागीर म्हणजे कातिब. जुन्या उर्दू पुस्तकांत कातिबाचे नाव छापलेले तुम्ही कदाचित पाहिले असेल. सकाळी उठल्याबरोबर अब्बा बोरू तासायला बसत. मराठीत ज्याला बोरू म्हणतात, तेच कातिबाचे कलम. पिवळ्या रंगाच्या खास कागदावर ते तेलकट शाईने लिहीत. तो कागद दगडावर किंवा पत्र्यावर दाबला की त्यावर अक्षरे उलटी उमटत आणि मग त्यावरून कागदावर सुलटी छपाई होई. एक पुस्तक लिहून पुरे व्हायला कधी कधी दोन-दोन महिने लागत.

उर्दू छपाईत कातिबाची जागा यंत्राला लवकर घेता आली नाही, याचे कारण उर्दूची लिपी. मराठीची अक्षरे एका रेषेखाली ओळीने उभी राहतात. नस्तालीक लिपीतली अक्षरे मात्र एकमेकांचा हात धरून तिरपी खाली उतरतात आणि शेजारी कोण आहे हे पाहून आपला आकार बदलतात. यंत्राला हे शिकवायचे कसे? कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे 20 हजार जोड आकार आपल्या हाताने लिहून हा प्रश्न सोडवला. आपल्या वडिलांच्या नावावरून त्यांनी त्या अक्षरांना 'नूरी नस्तालीक' हे नाव दिले. 1981 मध्ये लाहोरचे 'जंग' हे दैनिक या अक्षरांत छापले जाऊ लागले. पुढे 1994 मध्ये दिल्लीत 'इनपेज' नावाची संगणक प्रणाली तयार झाली आणि आमच्यासारख्या लहान प्रकाशकांच्याही टेबलावर नस्तालीक येऊन बसली.

आम्ही 1996 मध्ये संगणक घेतला. निम्मे पैसे अब्बांच्या साठवणीतले होते. दुकानात तो मांडला तेव्हा अब्बांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "बेटा, अक्षर चांगले काढतो हा. पण याने लिहिलेले कागदावर उतरेपर्यंत मला त्याचा भरवसा वाटणार नाही."

आम्ही सगळे हसलो.

तीन वर्षे संगणकाने उत्तम काम केले. त्यात 41 पुस्तकांची पाने साठली. दुकानदारांच्या उधारीचा हिशेबही मी वहीतून काढून संगणकात नेला. आणि 1998 च्या दिवाळीनंतर त्यात मास्तरसाहेबांचा शब्दसंग्रह भरायला सुरुवात झाली.

मास्तरसाहेब म्हणजे माझे शाळेतले मराठीचे शिक्षक. उर्दू शाळेत त्यांनी 34 वर्षे मराठी शिकवले. एकदा सहामाही परीक्षेत एका मुलाने निबंधात लिहिले, "माझे वडील फाजील आहेत." उर्दूत फाजील म्हणजे विद्वान. मराठीत फाजील म्हणजे गरजेपेक्षा जास्त, अगदी अवाजवी. मुलाने वडिलांची स्तुती केली होती आणि मराठी वाचणाऱ्याला ती निंदा वाटली असती! त्या दिवसापासून मास्तरसाहेबांनी अशा शब्दांची नोंद ठेवायला सुरुवात केली. दिसायला सारखे, ऐकायला सारखे, पण दोन भाषांत वेगवेगळ्या अर्थाचे शब्द. उर्दूत खाली म्हणजे रिकामे, मराठीत खाली म्हणजे तळाच्या बाजूला. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाचा सराव. राजीनामा हा उर्दूत समेटाचा कागद, तर मराठीत नोकरी सोडल्याचा. आणि आम्हा प्रकाशकांचा रोजचा शब्द, मजकूर! उर्दूत त्याचा अर्थ 'ज्याचा उल्लेख झाला आहे तो'. मराठीत लिहिलेले सगळेच मजकूर.

असे शब्द त्यांनी सात वह्यांत लिहून ठेवले होते. शब्द जसा भेटला तसा लिहिला, त्याला काही क्रम नव्हता. मी ते संगणकावर मराठी वर्णमालेच्या क्रमाने लावले. मास्तरसाहेब रोज संध्याकाळी दुकानात येत आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून प्रत्येक शब्दाला एकेक वाक्य सांगत. मी ते लगेच टंकित करी. ही वाक्ये वह्यांत नव्हती. ती त्यांच्या डोक्यात होती, आणि नंतर फक्त आमच्या संगणकात. जुलै 1999 पर्यंत 3,200 शब्द पुरे झाले. प्रस्तावनाही त्यांनी तशीच तोंडी सांगितली. आता फक्त छापखान्यात देणे बाकी होते.

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता. बाहेर पाऊस पडत होता. दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. वीज गेल्यावर संगणकाला थोडा वेळ चालू ठेवणारी बॅटरी आमच्याकडे होती, पण ती दोन महिन्यांपूर्वीच निकामी झाली होती. 'पुढच्या महिन्यात बदलू' असे मी प्रत्येक महिन्यात म्हणत होतो. तिसऱ्यांदा वीज आली आणि मी संगणक सुरू केला. पडदा काळाच राहिला. डब्यातून आवाज येऊ लागला, टक्, टक्, टक्. जणू कोणी आतून दार ठोठावत होते.

हा आवाज कशाचा, हे समजण्यासाठी संगणकाच्या डब्यात काय असते ते थोडे पाहू. आपण संगणकावर जे लिहितो ते त्यातल्या हार्ड डिस्कवर साठवले जाते. हार्ड डिस्क म्हणजे एक बंद पेटी. तिच्यात चकचकीत, गोल तबकड्या असतात. आमच्या डिस्कच्या तबकड्या एका मिनिटात हजारो वेळा फिरत. तबकडीवर चुंबकीय थर असतो आणि त्याच्यावर अतिशय सूक्ष्म खुणांच्या रूपाने मजकूर नोंदला जातो. या खुणा वाचणारे एक छोटे टोक असते. ते तबकडीला टेकत नाही, तिच्यावर तरंगते. त्या दोघांमधले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असते. वीज अचानक गेली, धक्का बसला किंवा भाग झिजला, तर कधी कधी हे टोक तबकडीवर आपटते. मग थर खरवडला जातो. खरवडलेल्या जागेवरचा मजकूर कोणालाच परत आणता येत नाही. आमच्या डिस्कचे टोक आपली जागा शोधत होते, ती सापडत नव्हती म्हणून परत मागे येत होते आणि पुन्हा शोधत होते. तोच तो टक्, टक् आवाज.

मी डिस्क रुमालात गुंडाळली आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो. लॅमिंग्टन रोडवर संगणकाची पुष्कळ दुकाने आहेत. तीन ठिकाणी दाखवली. तिसऱ्या ठिकाणच्या तरुणाने ती कानाला लावून ऐकली आणि मान हलवली. पेटी उघडायला धुळीचा कणही नसलेली खोली लागते, तिथे पाठवावी लागेल, असे तो म्हणाला. त्याचा खर्च आमच्या तीन महिन्यांच्या कमाईएवढा होता आणि त्यातून काही निघेल याची खात्री नव्हती. मग त्याने विचारले, "दुसरी प्रत कुठे ठेवली आहे?"

मी गप्प राहिलो. खरे सांगायचे तर त्या प्रश्नाचा मला थोडा रागही आला. वैद्याने 'आजारी का पडलात?' असे विचारावे तसा तो प्रश्न मला वाटला.

परतीच्या प्रवासात मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. बी.ए.ला मी मराठी विषय घेतला होता. तेव्हा मराठी छपाईच्या इतिहासात ती वाचली होती.

बंगालमध्ये हुगळी नदीच्या काठी सेरामपूर, म्हणजे श्रीरामपूर, नावाचे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते डेन्मार्कच्या ताब्यात होते. तिथे 1800 मध्ये विल्यम केरी आणि त्यांचे सहकारी विल्यम वॉर्ड व जोशुआ मार्शमन यांनी छापखाना सुरू केला. हे मिशनरी होते. बायबलची भाषांतरे छापणे हा त्यांचा मुख्य उद्देश होता. पण त्यासाठी भारतीय भाषांची व्याकरणे आणि कोशही तयार करावे लागले. केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवत. मराठीसाठी त्यांना वैजनाथ शर्मा या पंडितांची मोठी मदत झाली. केरींचे मराठी व्याकरण 1805 मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश 1810 मध्ये याच छापखान्यातून निघाला. त्या कोशातले मराठी शब्द मोडी लिपीत छापलेले आहेत. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, बंगालमध्ये मराठी पुस्तके छापली जात होती, याचे मला तेव्हा फार नवल वाटले होते.

त्या काळी छपाई शिशाच्या खिळ्यांनी होत असे. खिळा कसा बनतो पाहा. आधी पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरतात. हा ठसा. तो तांब्यावर ठोकला की तिथे अक्षराचा खोलगट साचा तयार होतो. साच्यात वितळलेले शिसे ओतले की खिळा मिळतो. एका साच्यातून हजारो खिळे निघतात. ठसा कोरणे मात्र महाकठीण काम. सेरामपुरात हे काम पंचानन कर्मकार नावाच्या बंगाली कारागिराने आणि त्याच्यानंतर त्याचे जावई मनोहर यांनी केले.

11 मार्च 1812 च्या संध्याकाळी छापखान्यातल्या कागदाच्या कोठारात आग लागली. वॉर्ड तिथेच होते. त्यांनी दारे-खिडक्या बंद करवल्या आणि छताला भोक पाडून वरून पाणी ओतायला सुरुवात केली. वारा न मिळाल्याने आग काही तास दबून राहिली. इतक्यात कोणीतरी खिडक्या उघडल्या. वारा आत शिरला आणि सगळी इमारत पेटली. मध्यरात्रीच्या सुमारास छत कोसळले. केरी त्या रात्री कलकत्त्याला होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी जाऊन त्यांना ही बातमी दिली.

कागद जळला, छापलेली पाने जळली, चौदा भाषांचे खिळे वितळून गेले. सुमारे 70 हजार रुपयांचे नुकसान झाले. त्या काळचे 70 हजार! पण छपाईची यंत्रे वाचली. आणि राख उपसताना पोलादी ठसे आणि साचे हाती लागले. सुमारे 4 हजार होते आणि ते धड होते. जमिनीवर वितळून पडलेले शिसे गोळा करण्यात आले. त्याच शिशातून, त्याच साच्यांत, कारागीर पाळीपाळीने रात्रंदिवस खिळे ओतू लागले. काही आठवड्यांतच छपाई पुन्हा सुरू झाली.

केरींची हस्तलिखितेही जळाली होती. तेलुगू व्याकरणाचे काम त्यांनी पुन्हा केले आणि ते पुस्तक 1814 मध्ये निघाले. पण ते एक फार मोठा कोश रचत होते. संस्कृत शब्द आणि त्यांच्यासमोर अनेक भारतीय भाषांतले शब्द, असा. त्याची एकच प्रत होती. तो कोश पुन्हा कधीच झाला नाही. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा चालणे सोपे असते, अशा अर्थाचे त्यांनी आगीनंतर एका पत्रात लिहिले आहे. केरींच्या धीराबद्दल मला आदर आहे, पण ही गोष्ट मला पूर्णपणे पटत नाही. काही वाटा दुसऱ्यांदा चालण्याइतके आयुष्य माणसाजवळ उरत नाही.

गाडीत बसल्या बसल्या मी विचार करू लागलो, आमचे ठसे कोणते? आमच्या राखेत काय धड उरले असेल?

घरी पोहोचताच मी अब्बांना सगळे सांगितले. "मी तुम्हाला सांगितले होते" असे ते एकदाही म्हणाले नाहीत. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारले, "छापखान्यात बटर पेपर ठेवतात ना?"

हे माझ्या डोक्यात आलेच नव्हते! आम्ही पाने जुळवली की ती बटर पेपरवर छापून छापखान्यात देत असू. त्यावरून छपाईची प्लेट तयार होते. काम झाल्यावर ते कागद छापखान्याच्या माळ्यावर पडून राहत. मी धावत गेलो. छापखान्याच्या मालकांना आम्ही चाचा म्हणतो. चाचांनी शिडी लावली, वरून सुतळीने बांधलेल्या गुंडाळ्या खाली टाकल्या आणि धूळ झटकत म्हणाले, "रद्दीवाल्याला द्यायचे चार वेळा ठरवले. आळसामुळे राहून गेले." त्या आळसाचे आभार! 41 पैकी 33 पुस्तकांचे बटर पेपर त्यात निघाले. ती पुस्तके आता संगणकाशिवायही पुन्हा छापता येणार होती. त्यांतली चूक मात्र दुरुस्त करता येणार नव्हती, जशी होती तशीच छापावी लागणार होती.

मग फ्लॉपींची पाळी आली. त्या काळी मजकूर साठवायला फ्लॉपी नावाची चौकोनी चकती वापरत. एका फ्लॉपीत आजच्या मोबाइलमधला एक फोटोही धड मावणार नाही. आमच्याकडे 31 फ्लॉपी होत्या, कपाटाच्या खालच्या खणात. पावसाळ्याच्या ओलीने काहींवर बुरशी आली होती. 20 वाचता आल्या, 11 वाचता आल्या नाहीत. एक पुस्तक चार फ्लॉपींत तोडून ठेवले होते. पहिली, दुसरी आणि चौथी चांगली निघाली, तिसरी उघडेना. अशा वेळी तीन चतुर्थांश पुस्तक मिळत नाही, काहीच मिळत नाही. तुकडे एकमेकांना जोडूनच फाइल उघडते. पुढे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. जुनी फाइल जपून ठेवली तरी ती उघडणारी प्रणाली पुढे टिकेलच असे नाही. आज तो जुना मजकूर आम्ही युनिकोडमध्ये बदलून घेतो, तेव्हा कुठे तो नव्या संगणकावर नीट वाचता येतो.

उधारीच्या हिशेबाची गोष्ट वेगळीच झाली. कोणत्या दुकानदाराकडे किती रुपये येणे आहेत, हे संगणकातच होते. मी धुळे, जळगाव, भिवंडी, औरंगाबाद इथल्या 26 दुकानदारांना पत्रे लिहिली. आमचा हिशेब गेला आहे, तुमच्या वहीप्रमाणे आमचे जे निघत असेल ते कळवा, असे खरे खरे लिहिले. मित्रांनी मला वेड्यात काढले. "चोराला किल्ली देतोस काय?" असे एकाने विचारले. महिन्याभरात 21 उत्तरे आली. एकाने तर आमच्या आठवणीपेक्षा 300 रुपये जास्त लिहिले होते आणि सोबत मनीऑर्डर होती. चौघांनी उत्तरच दिले नाही. एकाने लिहिले की उलट तुमच्याकडेच आमचे पैसे निघतात. त्याच्याशी आम्ही अजूनही व्यवहार करतो, पण रोखीने.

आता राहिला मास्तरसाहेबांचा शब्दसंग्रह.

त्यांना सांगायला जाण्याचे धाडस मला आठ दिवस झाले नाही. शेवटी तेच दुकानात आले आणि नेहमीच्या स्टुलावर बसले. मी मान खाली घालून सगळे सांगितले. ते काही बोलले नाहीत. चष्मा काढून सदऱ्याला पुसत राहिले. मग म्हणाले, "वह्या आहेत ना?"

वह्या होत्या, पण सहाच. पाचवी वही सापडत नव्हती. ती माझ्याकडून हरवली की त्यांच्या घरात कुठे राहिली, हे आम्हाला आजपर्यंत कळलेले नाही. आणि वाक्ये तर वह्यांत नव्हतीच.

मास्तरसाहेबांचे वय तेव्हा 71 होते. एका डोळ्यात मोतीबिंदू होता. पूर्वीसारखे रोज येणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. मग मीच रोज संध्याकाळी नवी कोरी वही घेऊन त्यांच्या घरी जाऊ लागलो. त्यांच्या शाळेतली नववीची चार मुलेही येऊ लागली, दोन मुलगे आणि दोन मुली. एकजण जुन्या वहीतून शब्द वाची, मास्तरसाहेब वाक्य सांगत, दुसरा लिहून घेई. मुली चिठ्ठ्यांवर शब्द लिहून सतरंजीवर वर्णमालेच्या क्रमाने लावत. पंखा लावायला बंदी होती, कारण चिठ्ठ्या उडत. घामाघूम होऊन आम्ही 'क' पासून 'ज्ञ' पर्यंत सतरंजीवर रांगत असू.

सगळ्यांत अवघड होते ते मास्तरसाहेबांना पहिले वाक्य आठवणे. "तालीम या शब्दाला मी काय सांगितले होते?" असे ते विचारत. मला आठवत नसे. "ते वाक्य फार चांगले होते," ते हळहळत. काही वाक्ये दुसऱ्यांदा खरोखरच जास्त चांगली जमली, हेही सांगायला हवे. कारण आता समोर मुले होती. वाक्य कळले नाही की त्यांच्या तोंडावर दिसे आणि मास्तरसाहेब ते लगेच सोपे करत. एकदा एका मुलीने धीर करून म्हटले, "सर, इमला हा शब्द घ्या ना. आम्ही उर्दूत इमला म्हणजे श्रुतलेखन म्हणतो आणि मराठीच्या धड्यात इमला म्हणजे इमारत आली होती." मास्तरसाहेबांनी मांडीवर थाप मारली. सात वह्यांत हा शब्द नव्हता!

नोव्हेंबरअखेर 2,870 शब्द झाले. पाचव्या वहीतले जे आठवले नाहीत ते राहिले. नवा संगणक घ्यायला पैसे नव्हते. आम्ही जुन्यातच दुसरी डिस्क बसवली आणि पहिल्यांदा बॅटरी बदलली. रोज रात्री दुकान बंद करण्यापूर्वी मी त्या दिवसाची पाने कागदावर छापून घेई आणि अब्बा ती पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावत. फ्लॉपीची दुसरी प्रत मी नाशिकला बहिणीकडे पाठवत असे. बहिणीने त्या फ्लॉपी साखरेच्या बरणीशेजारी ठेवल्या होत्या असे पुढे कळले. तरी त्या चांगल्या राहिल्या.

प्रस्तावना मात्र मास्तरसाहेबांनी पुन्हा सांगितली नाही. मी दोन-तीनदा विचारले. "ती एकदाच सांगायची होती," एवढेच ते म्हणाले. फेब्रुवारी 2000 मध्ये पुस्तक निघाले, तेव्हा प्रस्तावनेच्या जागी त्या चार मुलांची नावे आणि त्यांच्या इयत्ता छापल्या होत्या. ही कल्पना मास्तरसाहेबांचीच.

त्यानंतर एक गमतीची गोष्ट सुरू झाली. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी शाळेतला एखादा मुलगा दुकानात येई आणि माझ्या हातात चिठ्ठी देई. मास्तरसाहेबांना पाचव्या वहीतला एखादा शब्द आठवलेला असे. कधी रात्री झोपेतून उठून तो लिहून ठेवलेला असे, कधी बसच्या तिकिटाच्या मागे. अक्षर दिवसेंदिवस मोठे आणि वाकडे होत गेले. मी चिठ्ठ्या बिस्किटांच्या एका डब्यात जमा केल्या. दुसरी आवृत्ती 2003 मध्ये काढली, तेव्हा त्या डब्यातले 118 शब्द तिच्यात घेतले.

डबा अजून दुकानात आहे. त्यातल्या सगळ्या चिठ्ठ्यांची झेरॉक्स मी काढून ठेवली आहे आणि ती दुकानात ठेवलेली नाही.

स्वाध्याय

1. संगणकातून आलेला टक्, टक् आवाज कशाचा होता, ते तुमच्या शब्दांत लिहा.
2. सेरामपूरच्या आगीत कोणत्या गोष्टी वाचल्या? त्यांचा पुढे काय उपयोग झाला?
3. लेखकाने दुकानदारांना पत्र लिहिले ते योग्य होते का? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
4. खाली, तालीम, राजीनामा, मजकूर या शब्दांचा मराठीतला अर्थ ध्यानात घेऊन प्रत्येकाचे एक वाक्य तयार करा.
5. तुमच्या गावात कातिबाचे किंवा छापखान्याचे जुने काम केलेली व्यक्ती असेल तर तिला भेटा. तिने सांगितलेली एखादी आठवण वर्गात मराठीत सांगा.